परतीचं तांबं

दिवाळी अंक वाचून झाले की मी त्यातली जाहिरातींची पानं कापून ठेवते. दागिन्यांची, बँकांची, नव्या घरांची. पान जितकं गुळगुळीत तितकं चांगलं. त्या कागदावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप असतो. लेसर प्रिंटरची काळी पूड लेपावरच बसते, कागदात मुरत नाही. छापलेलं पान तांब्यावर पालथं ठेवून गरम इस्त्री दाबली की पूड वितळून तांब्याला धरते. मग सगळं पाण्यात घालायचं. लेप सुटतो, कागद निघून येतो आणि पूड तांब्यावर राहते. माझ्या घरात सर्किट बोर्ड गेली सहा वर्षं असेच बनतात.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या दादांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं. "ताई, ड्रमला चिकटलं तर?" त्यांची काळजी रास्त होती. पान एका साध्या कागदावर चारी कडांनी चिकटवून नेलं, आधी एक वाया जाऊ देण्याइतकं त्यांना समजावलं, तेव्हा छापून मिळालं. आता मी दुकानात शिरले की ते स्वतःच प्रिंटरची शाई गडद करून ठेवतात.

तांबं असतं ते फायबरग्लासच्या पाटीवर. पाटी 1.6 मिलिमीटर जाड आणि तिच्यावर तांब्याचा थर 35 मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण निम्मा. भांडी घासायच्या तारेच्या घासणीने तो गुलाबी होईपर्यंत घासायचा, आणि त्यानंतर त्याला बोट लावायचं नाही. बोटाच्या तेलावर पूड बसत नाही. इस्त्री पूर्ण गरम, वाफ बंद, चार-पाच मिनिटं, कडांवर जरा जास्त जोर. भिजलेला कागद अंगठ्याने चोळताना ज्या क्षणी खालून काळ्या रेघा अखंड दिसू लागतात तो क्षण मला अजूनही जुना वाटत नाही. एखादी रेघ तुटलेली असेल तर पक्क्या शाईच्या मार्करने सांधायची.

याला प्रिंटेड सर्किट का म्हणतात, ते हे काम हाताने केल्यावरच मला खऱ्या अर्थाने कळलं. पॉल आयस्लर हा व्हिएन्नाचा इंजिनिअर. छपाईचं तंत्र त्याने जवळून पाहिलेलं होतं. 1936 मध्ये तो लंडनला आला आणि रेडिओच्या आतल्या तारांच्या गुंत्याऐवजी तारा छापायच्या मागे लागला. जिथे शाई आहे तिथलं तांबं ठेवायचं, बाकीचं आम्लाने खाऊन टाकायचं. छापखान्यात जस्ताचे ठसे असेच कोरले जात. दिवाळी अंकाचं पान हातात घेऊन मी जे करते ते त्याच घराण्यातलं आहे.

माझ्याकडे आम्लाचं काम फेरिक क्लोराइड करतं. पुण्यातल्या तपकीर गल्लीत त्याची पुडी मिळते. ते स्टीललाही खातं, म्हणून आमच्याकडे त्याच्यासाठी श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा आहे. कोऱ्या चहाच्या रंगाचं ते पाणी डब्यात घेऊन डबा गरम पाण्याच्या परातीत ठेवायचा आणि कडेला धरून हलकेच झुलवत राहायचं. आधी तांबं मलूल होतं. मग कडांकडून पिवळट-हिरवी पाटी उघडी पडायला लागते, आणि वीसेक मिनिटांत नुसत्या काळ्या रेघा उरतात. वापरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, हे मी घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवलंय. त्यात विरघळलेलं तांबं माशांना विष आहे, आणि आमच्या मोरीचं पाणी अखेर मुठेतच जातं. धुण्याचा सोडा थोडा थोडा घातला की फेस येतो, गाळ तळाशी बसतो. तो गाळ मी वेगळ्या बरणीत साठवते. बरणी अजून अर्धीही भरलेली नाही.

तयार बोर्ड काही शे रुपयांत मिळत असताना हे कशासाठी, असं मला नेहमी विचारलं जातं. मीही सुरुवात तयार बोर्डनेच केली. बहिणीचा मुलगा तेव्हा सातवीत होता. त्याला काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी करायची होती, आणि बँकेतली नोकरी सांभाळून संध्याकाळी सोल्डरिंग करणारी घरात मी एकटीच. माझा तयार बोर्ड होता आर्डुइनो. इटलीतल्या इव्रेया गावच्या एका डिझाइन शाळेत तो 2005 मध्ये जन्माला आला, तो तंत्रज्ञ नसलेल्या विद्यार्थ्यांना हाताशी काही असावं म्हणून. त्यांनी बोर्डचा आराखडाही सगळ्यांसाठी खुला ठेवला, आणि मला सगळ्यात मोठी देणगी तीच वाटते. भाच्याची गाडी त्या बोर्डवर चालली. पण बोर्डच्या आत काय चाललंय ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी तो आराखडा छापून स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर लावला आणि रोज त्यातला एकेक भाग का आहे ते शोधायचं ठरवलं.

मधोमध अट्ठावीस पायांची काळी मायक्रोकंट्रोलर चिप, एटीमेगा 328 पी. तिचं घराणं नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचं. आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी त्या घराण्याचा मूळ आराखडा तिथे मांडला. प्रोग्रॅमसाठी 32 किलोबाइट जागा आणि चालू कामासाठी फक्त 2 किलोबाइट स्मृती. एवढ्यात गाडी पट्टी ओळखते, वळते, थांबते. शेजारी 16 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्याच्या दोन बाजूंना 22 पिकोफॅरडचे दोन इवलेसे कपॅसिटर. पहिल्या पायाला 10 किलोओहमचा रेझिस्टर, नाहीतर रीसेटचा पाय आसपासच्या गडबडीने ढळतो आणि चिप आपोआप पुन्हा सुरू होऊ शकते. हे सगळं मला पटकन समजलं. समजलं नाही ते 104 लिहिलेल्या तपकिरी, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या कपॅसिटरचं काम. त्याचं एक टोक पाच व्होल्टला आणि दुसरं ग्राउंडला. सिग्नलच्या वाटेत तो कुठेच नाही. काढला तरी माझा दिवा लुकलुकत होता.

आमच्या लहानपणी नळाला सकाळी तासभर पाणी यायचं आणि आई ओट्याशेजारी एक कळशी कायम भरून ठेवायची. गच्चीवरच्या टाकीत पाणी असलं तरी भाजीला फोडणी दिल्यावर पाणी हवं ते त्याच क्षणी हवं, टाकी तेव्हा लांब असते. चिपचं तसंच आहे. ती सेकंदाला एक कोटी साठ लाख वेळा घोट घेते, आणि बॅटरीकडून येणाऱ्या तारेला तेवढी चपळाई नसते. 104 ही चिपच्या ओट्याशेजारची कळशी. म्हणूनच तिचा पाच व्होल्टचा सातवा पाय आणि ग्राउंडचा आठवा पाय चिपवाल्यांनी शेजारी-शेजारी दिलेत. कळशी त्या दोघांना लागूनच बसवायची. दोन इंच लांब बसवली तर बसवल्यासारखी नाही.

एवढं कळल्यावर स्वतःचा बोर्ड करायचा असं ठरवलं. तपकीर गल्लीत शनिवारी दुपारी गर्दी असते, अप्पा बळवंत चौकातून पुस्तकांची दुकानं ओलांडत यायचं. दुकानदाराकडे यादी दिली: चिप आणि तिचा सॉकेट, क्रिस्टल, 7805 रेग्युलेटर, मोटरसाठी एल 293 डी, दोन पिवळ्या बीओ मोटर, 104 डझनभर. त्यांनी न विचारता 104 दोन डझन दिले. "लागतील ताई. हे कधी पुरत नाहीत."

आराखडा कॉम्प्युटरवर काढायला मला तीन आठवडे लागले. मोठी सुखाची संध्याकाळ असते ती. प्रत्येक पायापासून कुठेतरी जाणारी पिवळी रेघ दिसत असते, आणि एकही रेघ दुसरीला न ओलांडता सगळ्यांना घरी पोचवायचं असतं. तांबं एकाच बाजूला, त्यामुळे पलीकडून उडी मारता येत नाही. मी आधी सेन्सरच्या रेघा काढल्या, मग मोटरच्या, मग प्रोग्रॅम भरायच्या सहा पिनांच्या. सगळ्यांत शेवटी ग्राउंड, कारण ते काय, सगळीकडेच जातं. जिथे फट उरली तिथून अर्ध्या मिलिमीटरची एक रेघ वळणं घेत घेत मोटरच्या चिपपासून निघाली, मायक्रोकंट्रोलरच्या पोटाखालून गेली आणि बॅटरीला पोचली. छापताना प्रतिमा आरशासारखी उलटी करायची की सरळ, यात एक पाटी वाया गेली. इस्त्री ती स्वतःच एकदा उलटी करते, म्हणून वरून पाहिलेला आराखडा सरळच छापायचा असतो. दुसरी पाटी नीट उतरली. 0.8 मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडली, सोल्डर केलं, सॉकेटमध्ये चिप बसवली. दिवा तीनदा लुकलुकला. ही मीच ठेवलेली खूण होती: चिप सुरू झाली की आधी तीनदा लुकलुकणार, मग कामाला लागणार.

गाडी सरळ पट्टीवर छान चालली. वळण आलं की मात्र थबकायची, क्षणभर काहीच करायची नाही, मग भलत्याच दिशेने निघायची. मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत राहिले. वळणाचा वेग बदलला, सेन्सरच्या मर्यादा बदलल्या. तीन रात्री गेल्या. चौथ्या दिवशी भाचा जमिनीवर पालथा झोपून गाडीकडे चाकांच्या उंचीवरून बघत होता. तो म्हणाला, "मावशी, तो वळणावर चुकत नाहीये. तो प्रत्येक वळणावर नव्याने सुरू होतोय. दिवा बघ, तीनदा."

तीनदाच होता. वळताना एक मोटर थांबून उलटी फिरते, आणि थांबलेली मोटर पुन्हा सुरू होताना चालत्या मोटरच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. बॅटरी क्षणभर वाकते. माझ्या दोन सेलची बॅटरी साडेसात व्होल्टच्या आसपास, आणि 7805 ला पाच व्होल्ट द्यायचे तर आत किमान सात तरी लागतात. बॅटरी सातच्या खाली गेली की पाचही ढळतात. मी चिपला 4.3 व्होल्टची मर्यादा लावून ठेवली होती. त्याखाली गेलं तर चुकीचं काम करण्यापेक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू हो, असं. चिप तेच करत होती. ती शहाणी होती, दोष माझ्या तांब्यात होता.

रेग्युलेटरचं कारण सापडलं तरी माझं समाधान झालं नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही सेन्सरचे आकडे वळणावर उड्या मारायचे, चिप सुरू राहिली तरीही. मी आराखडा पुन्हा काढला, आणि या वेळी कागदावर पेन्सिलने फक्त प्रवाह गिरवला. बॅटरीतून मोटरच्या चिपपर्यंत, तिथून मोटरमध्ये, मोटरमधून परत चिपमध्ये, आणि मग कुठे? पेन्सिल त्या अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेवर येऊन थांबली. मोटरचा सगळा प्रवाह मायक्रोकंट्रोलरच्या दारातून घरी जात होता. प्रत्येक वायर कुठे जाते ते मी तीन आठवडे पाहिलं होतं. प्रवाह परत कुठून येतो हे एकदाही पाहिलं नव्हतं.

मला अण्णांची आठवण झाली. माझे वडील. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर होती, आणि स्टार्टरच्या पेटीशेजारी अर्थिंगचा खड्डा. मीठ-कोळसा घालून पुरलेली पट्टी, वर अर्धवट उघडा पाइप. एप्रिल-मे मध्ये जमीन वाळून भेगा पडायच्या, तेव्हा अण्णा रोज संध्याकाळी त्या पाइपात एक बादली पाणी ओतायचे. प्यायच्या पाण्याची टंचाई असतानाही ओतायचे. मी विचारलं होतं, तर म्हणाले होते, "मोटरीत कुठं करंट फुटला तर त्याला परत जायला ओली वाट पाहिजे. नाहीतर तो माणसातनं जाईल."

गाडीचं ग्राउंड आणि विहिरीवरचं अर्थिंग हे एकच नव्हे, हे मला माहीत आहे. गाडी प्लॅस्टिकच्या चाकांवर उभी असते, जमिनीशी तिचा काही संबंध नाही. तिचं ग्राउंड म्हणजे सगळ्या भागांनी मिळून मानलेली एक शून्याची जागा. पाच व्होल्ट म्हणजे त्या जागेपेक्षा पाच, सेन्सरचा आकडा म्हणजे त्या जागेपासून मोजलेला. ती जागाच हलली तर सगळ्यांचं मोजमाप हलतं, आणि कुणाला ते कळतही नाही, कारण मोजायला दुसरी पट्टी नसते. तरी अण्णांच्या बोलण्यातला गाभा माझ्या पाटीलाही लागू होता: जो प्रवाह गेला तो येणार. वाट तुम्ही दिली नाही तर तो आपली आपण काढेल.

मग हिशेब केला. अर्धा मिलिमीटर रुंद, 35 मायक्रॉन जाड आणि सहा सेंटिमीटर लांब तांब्याचा रोध सुमारे 0.06 ओहम. फारच थोडा, असं वाटतं. पण दोन मोटर एकदम सुरू होताना अँपिअरभर प्रवाह त्यातून गेला की रेघेच्या दोन टोकांत 60 मिलिव्होल्टचा फरक पडतो. चिप पाच व्होल्टचे 1024 भाग करून मोजते, म्हणजे एक पायरी जवळपास 4.9 मिलिव्होल्टची. शून्य बारा पायऱ्यांनी वर गेलं. आणि हा हिशेब संथ प्रवाहाचा. बीओ मोटरच्या आत ब्रश घासत असतात, प्रत्येक फेऱ्यात ठिणग्या उडतात, आणि अशा झटक्यांना लांब बारीक रेघ नुसत्या रोधापेक्षा खूप जास्त अडवते. पट्टीवर उड्या मारणाऱ्या आकड्यांचा उगम तिथे होता.

त्याच रात्री मी एल 293 डी च्या माहितीपत्रकाचं ते पान पुन्हा वाचलं. या चिपला सोळा पाय आहेत आणि त्यातले मधले चार, चौथा, पाचवा, बारावा आणि तेरावा, सगळे ग्राउंडचे. मला वाटलं होतं, एक पुरेसा आहे, बाकीचे जादा. मी एकाच पायाला रेघ जोडून तिघांना लोंबकळत सोडलं होतं. माहितीपत्रक सांगत होतं की चिपची उष्णताही याच चार पायांतून बाहेर जाते, म्हणून त्यांच्याभोवती तांब्याचा रुंद पट्टा ठेवा. एकाच वाटेने प्रवाहही परतणार आणि ऊबही. चिप हाताला चटका देण्याइतकी का तापत होती, त्याचं उत्तर तिथेच होतं.

नवा बोर्ड मी उलट्या क्रमाने काढला. कोऱ्या पाटीवर आधी ग्राउंड. मोटरच्या चिपखाली दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढे तांब्याचे पट्टे, तिथून थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत पाच मिलिमीटरचा रस्ता. मायक्रोकंट्रोलरचं ग्राउंड वेगळं, सेन्सरचं वेगळं, आणि तिन्ही एकाच ठिकाणी भेटतात ते बॅटरीच्या त्या टोकाशी. वाटेत कुठे नाही. दोन्ही मोटरच्या टोकांना, मोटरवरच, एकेक 104. 7805 च्या जागी अर्ध्या व्होल्टच्या फरकावरही चालणारा एलएम 2940. उरलेल्या जागेत सिग्नलच्या रेघा. त्या बसल्या, दोन ठिकाणी तारेचे पूल घालावे लागले. मधलं रिकामं तांबंही खाऊ न देता ग्राउंडला जोडून टाकलं. त्यामुळे या वेळी श्रीखंडाच्या डब्यातलं पाणी फारसं काळवंडलंच नाही, आणि बोर्ड बारा मिनिटांत तयार झाला. पाण्यातून काढून दिव्यासमोर धरला तेव्हा पहिल्या पाटीतून दिसायचा तसा प्रकाश आरपार दिसेना. जिकडे तिकडे तांबं.

ग्रे वॉल्टर नावाचा मेंदूचा अभ्यासक 1948-49 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये तीन चाकांवरची कासवं बनवत होता. एल्मर आणि एल्सी. प्रत्येकात फक्त दोन रेडिओ व्हॉल्व्ह, एक प्रकाशाचा डोळा, एक धक्क्याची जाणीव. मायक्रोकंट्रोलर तेव्हा कुठे होता! ती प्रकाशाकडे जायची, अडखळली की वळसा घ्यायची. पण मला त्यांची आवडणारी गोष्ट वेगळी आहे. बॅटरी उतरू लागली की ती आपल्या खुराड्यातल्या दिव्याकडे परत जायची आणि तिथे स्वतःला चार्ज करून घ्यायची. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, आपल्यालाही तसं हवं. ते पुढच्या बोर्डावर आहे. त्यासाठी बॅटरीचं व्होल्टेज मोजणारा एक पाय मी राखून ठेवलाय.

अण्णा मार्चमध्ये डोळ्यांच्या तपासणीला पुण्यात आले होते. संध्याकाळी आम्ही दिवाणखान्यात फरशीवर काळ्या टेपचा आठाचा आकडा घातला आणि गाडी सोडली. ती वळणांवरून न थबकता फिरत होती. भाचा दिव्याकडे बघत होता, मीही. दिवा सुरुवातीला तीनदा लुकलुकला आणि नंतर पुन्हा नाही. अण्णा पलंगावर बसून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "याचं अर्थिंग कुठं केलंयस?"

मी गाडी उचलून उलटी केली. चाकं हवेत फिरत राहिली. पोटाखालचा बोर्ड त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बोर्ड डोळ्यांजवळ नेला आणि तर्जनीने तो रुंद पट्टा मोटरच्या चिपपासून बॅटरीपर्यंत हळूहळू गिरवला. बॅटरीच्या टोकाशी, जिथे तिन्ही ग्राउंड येऊन मिळतात, तिथे बोट थांबलं.

"हितं रुंद ठेवलंयस, बरं केलंस," ते म्हणाले. "खाली ठेव, फिरू दे."